नांवाभोंवतींचीं दोन चिन्हें

प्राध्यापकाच्या आयुष्यांतील बराच काळ उत्तरपत्रिका तपासण्यांत जातो, आणि त्या काळाचाही बराच भाग क्षुल्लक वाटणाऱ्या चुकांवर तांबडी पेन्सिल फिरविण्यांत जातो. ग्रंथाचें, नाटकाचें किंवा कवितेचें नांव वाक्यांत आलें म्हणजे तें एकेरी अवतरणचिन्हांत घालावें, हा नियम मी गेलीं पंचवीस-तीस वर्षें विद्यार्थ्यांना सांगत आलों आहें, आणि तो न पाळणाऱ्यांचा अर्धा गुण कापीतही आलों आहें. दोन वर्षांपूर्वीं एका विद्यार्थ्यानें आपली उत्तरपत्रिका माझ्यापुढें आणून ठेवली. ‘शारदा’, ‘गीतारहस्य’, ‘श्यामची आई’ हीं सर्व नांवें त्यानें नियमाप्रमाणें लिहिलीं होतीं. फक्त ज्ञानेश्वरीचें नांव चार ठिकाणीं आलें होतें आणि चारही ठिकाणीं तें मोकळें सोडलेलें होतें. मीं चारही ठिकाणीं खूण केली होती. तो नम्रपणें म्हणाला, “सर, हें विसरून झालेलें नाहीं. आमच्या घरीं तिला माउली म्हणतात. माउलीच्या नांवाला चिन्हें घालायला हात धजेना. नियम मला ठाऊक आहे. पण तो सर्वांना सारखाच लागू कां, एवढें सांगा.”

“नियम तो नियम” असें म्हणून मीं त्या दिवशीं वेळ मारून नेली. वर्गांत असें उत्तर खपून जातें; परंतु घरीं परतल्यावर तें आपल्यालाच पटत नाहीं. ह्या दोन इवल्याशा चिन्हांना मी इतकें महत्त्व कां देतों? हा केवळ छापखान्याचा शिष्टाचार आहे, कीं त्यांत योग्यायोग्यतेचा कांहीं प्रश्न खरोखरच गुंतलेला आहे? प्रश्न चिमुकला आहे हें मला मान्य आहे. पण माझ्या बाबतींत त्याचें मूळ एका टपालाच्या कार्डांत आहे, आणि तें कार्ड चिमुकलें नव्हतें.

मी तेव्हां बारा वर्षांचा होतों. माझी धाकटी मावशी मिरजेस इस्पितळांत होती. तिच्या मुलाचें नांव श्याम. आजी, म्हणजे मावशीची आई, त्या सुमारास आमच्याकडेच राहत असे आणि लेकीला पाहण्यासाठीं रात्रींच्या गाडीनें निघण्याची तयारी करीत होती. माझी थोरली बहीण कॉलेजासाठीं परगांवीं वसतिगृहांत राहत होती; तिची परीक्षा चालू असल्यामुळें मावशीचें दुखणें किती वाढलें आहे हें तिला कोणीं कळविलें नव्हतें. त्या दिवशीं दुपारीं तिचें कार्ड आलें. घरांत वडील नव्हते. तें मींच मोठ्यानें वाचलें. परीक्षा संपली, पेपर बरे गेले, आणि पुढें एक ओळ: श्यामची आई वाचली. रात्रभर झोप लागली नाहीं. सविस्तर मागाहून.

आजीनें देवापुढें साखर ठेवली. मुलगी वांचली, आतां घाई कसली, पौर्णिमा झाल्यावर जाऊं, असें तिनें ठरविलें आणि बांधलेलें गांठोडें सोडलें. तिसऱ्या दिवशीं मावशी गेल्याची तार आली. बहिणीनें परीक्षा संपल्याच्या आनंदांत वसतिगृहांतल्या मैत्रिणीकडून साने गुरुजींचें पुस्तक आणून एका रात्रींत वाचून काढलें होतें, एवढीच ती हकीकत. नांवाभोंवतीं चिन्हें नव्हतीं. आपल्या भाषेंत पुस्तक वाचणें आणि जीव वांचणें ह्यांत फरक असलाच तर एका अनुस्वाराचा, आणि घाईंत लिहिलेल्या कार्डावर त्याचाही भरंवसा नसतो. त्यांतून शाळेंत त्या पुस्तकांतला धडा मला नुकताच झालेला होता. त्या ओळीला दोन चिन्हें असतीं तर माझी जीभ अडखळली असती, असें मी आजही मानतों. बहिणीनें पुढें फार दुःख केलें. आजी मात्र एवढेंच म्हणाली, “पोरीनें खोटें कुठें लिहिलं होतं? मला जें हवं होतं तेंच मी ऐकलं.”

तिचें म्हणणें थोर होतें, पण पूर्णपणें खरें नव्हतें. ऐकणाराची इच्छा शब्दांना हवा तो अर्थ देते हें खरें. परंतु ती वाट तिला मोकळी मिळते ती लिहिणाराच्या निष्काळजीपणामुळें. ह्या चिन्हांचें पहिलें काम तें हेंच: मी येथें जगाविषयीं बोलत नसून जगांतल्या एका कृतीविषयीं बोलत आहें, असें वाचकास सांगणें. “साखर गोड आहे” ह्या वाक्यांत मी पदार्थाविषयीं बोलतों. “‘साखर’ तीन अक्षरी आहे” ह्या वाक्यांत शब्दाविषयीं बोलतों. पाश्चात्य तर्कशास्त्रानें गेल्या शतकांत ह्या भेदावर पुष्कळ खल केला. पण आपल्याकडे पाणिनीनें त्याची दखल फार पूर्वींच घेतली होती. व्याकरणांत शब्द आला म्हणजे तो आपल्या अर्थाचा नव्हे, आपल्या रूपाचाच बोध करून देतो, असें त्यानें अष्टाध्यायीच्या पहिल्याच पादांत सांगून ठेवलें. ‘अग्नी’स प्रत्यय लावावा असें सूत्र सांगतें, तेव्हां तो निखाऱ्याला लावावयाचा नसतो.

आमच्या जुन्या पोथ्यांत अवतरणचिन्हें नव्हतीं. शब्दांमध्येंही जागा सोडीत नसत. तरी घोटाळा होत नसे, कारण हें काम करणारीं दुसरीं साधनें होतीं. दुसऱ्याचें बोलणें संपलें कीं ‘इति’ येई. ग्रंथाचें नांव बहुधा अध्यायाच्या अखेरीस पुष्पिकेंत येई, आणि पुष्कळदां तेवढा भाग हिंगुळानें तांबडा केलेला असे. ह्याहूनही सुंदर सोय व्याकरणानें केली होती. एखाद्या विषयास धरून रचलेल्या ग्रंथाचें नांव करावयाचें तर मूळ शब्दास तद्धित प्रत्यय लावावा, असें पाणिनि सांगतो. म्हणून नायिका ती शकुंतला आणि नाटक तें ‘शाकुंतल’. किरात आणि अर्जुन हे दोन योद्धे, आणि त्यांचें काव्य तें ‘किरातार्जुनीय’. मनुष्य कोठें संपतो आणि कृति कोठें सुरू होते, हें एका मात्रेनें कळे. चिन्ह नांवाच्या बाहेर नसे, नांवाच्या आंतच असे.

परंतु भाषा नियमांत मावत नाहीं. आख्यायिकांच्या बाबतींत हा प्रत्यय बहुधा गळून पडतो, असें कात्यायनाच्या वार्तिकांत सांगितलें आहे, आणि पतंजलीनें त्याचें उदाहरण ‘वासवदत्ता’ असें दिलें आहे. म्हणजे नायिका आणि ग्रंथ ह्यांचें नांव एकच होण्याचा प्रकार दोन हजार वर्षांइतका तरी जुना आहे. पुढें सातव्या शतकांत बाणभट्टानें आपल्या गद्यकाव्यास नायिकेचेंच ‘कादंबरी’ हें नांव दिलें, आणि त्या नांवाचा प्रवास मराठींत कोठवर गेला हें आपण जाणतोंच. एका गंधर्वकन्येचें नांव ग्रंथाचें झालें, आणि ग्रंथाचें नांव एका संपूर्ण साहित्यप्रकाराचें झालें. आज कोणी “मीं कादंबरी वाचली” असें म्हटलें तर बाणाची आठवण कोणालाही होत नाहीं. नांवाभोंवतींचें कुंपण निघालें म्हणजे काय होतें, ह्याचें ह्याहून मोठें उदाहरण मला ठाऊक नाहीं. त्यांत बाणाचा गौरव झाला कीं विस्मरण, हें मात्र मला अजून ठरवितां आलेलें नाहीं. बहुधा दोन्ही झालें.

आजची चिन्हें आपण इंग्रजीपासून घेतलीं. मराठी गद्यांत विरामचिन्हें रूढ करण्याचें श्रेय मेजर कँडी यांस देण्याची प्रथा आहे. इंग्रजीस मात्र ह्या कामीं तीन साधनें आहेत: मोठीं अक्षरें, तिरपीं अक्षरें आणि अवतरणचिन्हें. ह्यांपैकीं तिरपीं अक्षरें मुळांत नांवांसाठीं निघालेलींच नाहींत. व्हेनिस येथील मुद्रक आल्डस मनूशियस ह्यानें इ. स. १५०१ मध्यें व्हर्जिलचें काव्य लहान आकाराच्या पुस्तकांत छापलें, तें सबंधच्या सबंध तिरप्या टंकांत. ग्रंथनामें वेगळीं काढण्याचें काम त्या टंकाकडे मागाहून आलें. आपल्या देवनागरींत लहानमोठ्या अक्षरांचा भेद नाहीं. आणि तिरपी देवनागरी यंत्रावर करतां येत असली तरी ती हाताच्या वळणांतून आलेली नसल्यामुळें डोळ्यास कलंडल्यासारखी दिसते. त्यामुळें सगळा भार त्या दोन चिन्हांवर पडला. आणि तींच चिन्हें दुसऱ्याचें बोलणें दाखविण्याच्या कामींही येतात, उपहासाच्याही कामीं येतात. अमुक गृहस्थ ‘विद्वान’ आहेत असें लिहिलें कीं त्यांची विद्वत्ता गेलीच म्हणून समजावें! विद्यार्थ्याचा हात ज्ञानेश्वरीपाशीं अडला त्याचें एक कारण हेंही असूं शकेल. ज्या खुणेनें आपण कोणाची थट्टा करतों, तीच खूण पूज्य नांवाला कशी लावावी?

मराठींत आणखी एक अडचण आहे, ती इंग्रजीस ठाऊक नाहीं. आमचीं नांवें विभक्ति घेतात. राम वाक्यांत आला कीं रामानें, रामाला असा वांकतो; तसेंच ग्रंथाचें नांवही वांकतें. गडकऱ्यांच्या ‘एकच प्याला’ ह्या नाटकाविषयीं लिहितांना आपण “‘एकच प्याल्या’तील सिंधू” असें लिहितों, म्हणजे कर्त्यानें ठेवलेलें नांव चिन्हांच्या आंतच बदलून टाकतों. कांहीं चोखंदळ लेखक म्हणून “‘एकच प्याला’मधील” असें लिहितात आणि नांव अभंग ठेवतात. मला पहिली रीत अधिक प्रिय आहे. जें नांव आपल्या विभक्ति घेतें तें आपल्या घरांत आलेलें असतें. पाहुण्याला मात्र आपण विभक्तीवांचून, जपून हांक मारतों. पण ह्या आपलेपणालाही मर्यादा आहे. हरिभाऊ आपट्यांच्या ‘पण लक्षांत कोण घेतो?’ ह्या कादंबरीचें नांव वांकविण्यास कोणी धजणार नाहीं, कारण तें नांव नसून एक संपूर्ण प्रश्न आहे. तो मोडला तर यमूचें दुःखच मोडल्यासारखें होईल. येथें ‘ह्या कादंबरींत’ असे दोन शब्द जास्त लिहिण्याचे कष्ट घेणें हेंच उचित.

कानाला चिन्हें दिसत नाहींत, तेथें भाषा लिंगावर काम भागविते. “काल ‘शारदा’ पाहिलें” असें म्हटलें कीं देवलांचें नाटक, आणि “काल शारदा पाहिली” म्हटलें कीं शेजारची मुलगी. माझ्या बहिणीनें “वाचलें” असें लिहिलें असतें तरी आजीचें गांठोडें सुटलें नसतें.

वाचकाविषयींचें कर्तव्य हें असें आहे. पण तेवढ्यानें प्रश्न संपत नाहीं, कारण पुष्कळदां चिन्हें नसलीं तरी कोणाचीही फसगत होत नाहीं. ‘गीतारहस्य’ हें नांव कसेंही लिहिलें तरी वाचकास लोकमान्यांनीं मंडालेच्या तुरुंगांत लिहिलेला आणि १९१५ सालीं प्रसिद्ध झालेला ग्रंथच आठवणार. तेथें चिन्हें काय साधतात? माझ्या मतें तेथें तीं कर्त्याविषयींचें एक ऋण मान्य करतात. ही वस्तु आपोआप उगवलेली नाहीं, कोणीतरी ती रचली, तिला आरंभ आणि शेवट दिला, आणि शेवटीं तिला एक नांव ठेवलें, असें तीं न बोलतां सांगतात. आपण संभाषणांत, लेखांत, व्याख्यानांत दुसऱ्यांच्या कृतींवर जगत असतों. त्यांतले कोणते शब्द आपले आणि कोणते उसने, ह्याची सीमारेषा आंखणें ही साधी प्रामाणिकपणाची गोष्ट आहे. आणि ह्या बाबतींत आमची मराठी रीत मला इंग्रजीहून न्यायाची वाटते. इंग्रजींत मोठ्या ग्रंथास तिरपीं अक्षरें आणि लहान कवितेस अवतरणचिन्हें, असा आकारावरून मान ठरतो. आमच्याकडे केशवसुतांच्या ‘तुतारी’लाही तीच दोन चिन्हें आणि पांचशें पृष्ठांच्या कादंबरीलाही तींच.

आतां त्या विद्यार्थ्याकडे वळूं. त्याची भावना एकट्याची नाहीं. इंग्रजी छपाईच्या रूढींतही बायबलचें नांव तिरप्या अक्षरांत घालीत नाहींत. ह्या सवलतीचें समर्थन दोन प्रकारांनीं होऊं शकतें. पहिलें असें कीं, धर्मग्रंथ हा माणसाची कृति नव्हे. मीमांसक वेदांस अपौरुषेय मानतात. ज्याला कर्ताच नाहीं त्याच्या बाबतींत कर्त्याचें ऋण तें कसलें? पण हा युक्तिवाद ज्ञानेश्वरीस लागू पडत नाहीं. तिला कर्ता आहे, स्थळ आहे, काळ आहे. शके १२१२ मध्यें, म्हणजे इ. स. १२९० मध्यें, नेवाशास ती सांगितली गेली आणि सच्चिदानंदबाबांनीं ती लिहून घेतली. दुसरें समर्थन अधिक बळकट आहे. ‘भावार्थदीपिका’ हें तिचें परंपरेनें चालत आलेलें नांव लोकांनीं बाजूस ठेवलें आणि तिला ज्ञानेश्वरी म्हटलें. म्हणजे ज्ञानेश्वरांची ती. कर्ता त्या नांवांतच आहे, आणि घोटाळ्यास जागा नाहीं. चिन्हांनीं जीं दोन कामें करावयाचीं तीं दोन्ही त्या नांवानें आधींच केलेलीं आहेत. पाणिनीच्या तद्धितासारखी ही सोय लोकांनीं आपण होऊन केली. तेव्हां विद्यार्थ्याचा हात अडला तो अज्ञानानें नव्हे, हें मला कबूल केलें पाहिजे.

पण पूज्यतेमुळें सीमारेषा अनावश्यक होते, हा त्यामागचा विचार मात्र मला पटत नाहीं. आणि त्याला उत्तर देण्यासाठीं मला इंग्रजी रूढींकडे जावें लागत नाहीं, नाथांकडेच जावें लागतें. ज्ञानेश्वरीवर एकनाथांहून अधिक भक्ति कोणाची असणार? तरी शके १५०६ मध्यें, म्हणजे इ. स. १५८४ मध्यें, त्यांनीं तिच्या पोथ्या मिळवून पाठ शुद्ध केला, आणि आपल्या ओव्या तींत कोणीं घालूं नयेत असें पुढच्यांस बजावून ठेवलें. ज्या काळीं लेखक आपली ओवी सहज दुसऱ्याच्या ग्रंथांत मिसळीत, त्या काळीं त्यांनीं ग्रंथाभोंवतीं एक रेघ ओढली: एवढें ज्ञानदेवांचें, ह्याच्या बाहेरचें ज्याचें त्याचें. ती रेघ भक्तीला कमीपणा आणणारी नव्हती. ती भक्तीचेंच एक रूप होती. आपण ज्याला मान देतों त्याचे शब्द नक्की कोणते हें जाणण्याची काळजी नसेल, तर तो मान कशाला दिला म्हणावयाचा? त्या दृष्टीनें पाहिलें तर आमचीं दोन चिन्हें ही नाथांच्या त्या मोठ्या रेघेचीच एक लहानशी आठवण आहे.

मग त्या चार ठिकाणांचा निवाडा कसा करावयाचा? मीं मागाहून ती उत्तरपत्रिका मनांत पुन्हां उघडली. तीन ठिकाणीं विद्यार्थी वारकरी संप्रदायाविषयीं लिहीत होता. तेथें ज्ञानेश्वरी हें नांव गांवाच्या किंवा नदीच्या नांवासारखें, वडीलधाऱ्या माणसाच्या नांवासारखें आलें होतें. त्या तिन्ही खुणा मीं करावयास नको होत्या. चौथें ठिकाण मात्र वेगळें होतें. तेथें पांच-सहा ग्रंथांची एकच यादी होती. इतर सर्वांना चिन्हें आणि एकालाच नाहीं. यादी ही पंगत असते, आणि पंगतींत वाढणारानें आपल्या माणसाचें पान वेगळें मांडूं नये. शिवाय माउली ज्याची त्याची वेगळी असूं शकते. कोणा वाचकाला साने गुरुजींच्या त्या लहान पुस्तकानें आई भेटविली असेल. त्याच्यापुढें आपण एका नांवास उघडें ठेवून दुसऱ्यास कुंपणांत कां बसवावें? तेव्हां चौथी खूण मी कायम ठेवतों.

तात्पर्य, नियमाचें बळ तो नियम आहे ह्यांत नसून, तो कोणाची सोय पाहतो ह्यांत आहे. वाचकाची फसगत होऊं नये आणि कर्त्याचें ऋण बुडूं नये, ह्या दोन गोष्टी ज्या ठिकाणीं आपोआप साधतात तेथें चिन्हांचा हट्ट धरणें ही पंतोजीगिरी होय. ज्या ठिकाणीं साधत नाहींत तेथें तीं टाळणें हा आळस होय, आणि त्या आळसाची किंमत बहुधा दुसऱ्यालाच द्यावी लागते. हा भेद वर्गांत समजावून सांगण्यास अर्धा गुण कापण्याहून अधिक वेळ लागतो, म्हणूनच मीं इतकीं वर्षें सोपा मार्ग धरला होता.

टपालाचीं कार्डें आतां दिसेनाशीं झालीं. माझी मुलें भ्रमणध्वनीवरून घाईघाईनें निरोप लिहितात आणि त्यांत कसलींच चिन्हें नसतात. मी त्यांना रागावत नाहीं. पण पुस्तकाचें नांव आलें कीं थांबतों आणि मनांतल्या मनांत तीं दोन चिन्हें घालूनच पुढें वाचतों. बहिणीचें तें कार्ड आजीच्या पोथीच्या फडक्यांत बांधलेलें आम्हांला पुष्कळ वर्षांनीं सांपडलें. त्या ओळीवर कोणीही चिन्हें घातलेलीं नव्हतीं. आणि त्या एका ओळीवर पेन्सिल चालविण्याचें धैर्य मलाही झालें नाहीं.